विषाच्या वाटेने उताऱ्याकडे

एरंडाची बी आणि गुंज यांतील जहाल विषांवर उंदरांच्या रक्तात उतारा तयार होतो, हे १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी दाखवून दिले. त्या प्रयोगांच्या बळावर घटसर्पाने गुदमरणाऱ्या हजारो बालकांचे प्राण वाचले. ज्या विषाने हा धडा दिला, त्याच्यावरचा उतारा मात्र त्यानंतर शंभर वर्षे वैद्यांना गवसला नाही. विषाचे मोजमाप करण्यात आयुष्य वेचणाऱ्या या शास्त्रज्ञाची ही जीवनकथा.

विशेष प्रतिनिधी

महाराष्ट्रातील जुन्या घरांना एरंड आणि गुंज या दोन्ही वस्तू परक्या नव्हत्या. पोट साफ व्हावे म्हणून नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाची चव अनेकांच्या जिभेवर आजही असेल. लालबुंद, टोकाशी काळा ठिपका मिरवणारी गुंज सोनाराच्या तराजूत मानाने बसत असे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक तोंडपाठ असलेली पिढी आता विरळ होत चालली आहे.

एरंडेल निर्धोक असते, कारण बियांतील विष तेलात उतरत नाही. ते मागे पेंडीत राहते. त्या विषाचे नाव रिसिन. गुंजेच्या टणक कवचाआड दडलेल्या विषाला अ‍ॅब्रिन म्हणतात. ही बी न चावता गिळली गेली, तर बहुधा जशीच्या तशी बाहेर पडते. फुटली वा चावली गेली, तर मात्र जिवावर बेतते. गुंजा वाटून त्यांच्या लगद्याची अणकुचीदार सुई करायची आणि ती टोचून दुसऱ्याची गुरे मारायची, या दुष्कृत्याच्या नोंदी इंग्रज अमदानीतील वैद्यकीय लिखाणात आढळतात. कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल या दोन संशोधकांनी १८८४ मध्ये गुंजेच्या विषाचा कसून अभ्यास केला होता.

याच दोन विषांचा हात धरून बर्लिनमधील एका डॉक्टरने वैद्यकशास्त्राला एका नव्या दालनात नेले. त्याचे नाव पॉल एर्लिख. सिफिलिसवरील औषधाचा जनक म्हणून जग त्यांना ओळखते. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा खरा पाया घातला गेला तो एरंडाच्या बीवर.

रंगांत रमलेला विद्यार्थी

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील सायलेशिया प्रांतात, स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव स्त्झेलिन असे आहे. वडिलांचा खाणावळीचा आणि मद्य गाळण्याचा व्यवसाय होता. मुलाला शाळेची गोडी बेताचीच. परंतु आईच्या माहेरच्या नात्यातील कार्ल वायगर्ट या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने त्याला एक वेगळेच विश्व दाखवले. दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार होणारे कृत्रिम रंग तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. कापड रंगवणारे हे रंग वायगर्ट शरीरातील पेशींच्या पातळ कापांवर चढवून पाहत असत.

ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग या विद्यापीठांत एर्लिख वैद्यक शिकले. शिकले त्यापेक्षा रंगले अधिक, असे म्हणावे लागेल. एकच रंग एका पेशीला पकडतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे कशामुळे, या एका प्रश्नाने त्यांना झपाटले होते. १८७८ मध्ये पेशींच्या रंजनावरच प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. रंग आणि पेशी यांच्यात काही रासायनिक आकर्षण असले पाहिजे, एखाद्या पदार्थाने कार्य करावयाचे तर तो आधी कुठेतरी चिकटला पाहिजे, ही त्या प्रबंधामागची धारणा. पुढील सदतीस वर्षे त्यांनी या एका विचाराची साथ सोडली नाही.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात फ्रेरिख्स या नामांकित वैद्याच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगांच्या साहाय्याने वेगळे करण्याची पद्धत त्यांनी तेथेच बसवली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याची घोषणा केली, तेव्हा श्रोत्यांत एर्लिखही होते. ते तडक प्रयोगशाळेकडे वळले आणि अल्पावधीतच त्या जंतूला रंगवण्याची अधिक चांगली रीत घेऊन आले. क्षयाचा जंतू एकदा रंग धरला की आम्लानेही तो सोडत नाही, हे त्यांनी हेरले होते. आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली थुंकीची तपासणी याच निरीक्षणावर उभी आहे.

१८८३ मध्ये हेडविग पिंकुस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली झाल्या. परंतु १८८५ मध्ये फ्रेरिख्स निवर्तले आणि शारितेतील मोकळे वातावरण पालटले. त्यातच ज्याला रंगवण्याची रीत शोधली, तोच क्षयाचा जंतू एर्लिख यांच्या स्वतःच्या थुंकीत दिसला. १८८८ च्या सुमारास नोकरीवर पाणी सोडून ते पत्नीसह इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले. पुढच्या वर्षी परतले तेव्हा प्रकृती सुधारली होती. मात्र हाती ना पद होते, ना पगार. बर्लिनच्या स्टेग्लिट्स उपनगरात त्यांनी स्वखर्चाने छोटीशी प्रयोगशाळा थाटली.

बिस्किटांतले विष

डिसेंबर १८९० मध्ये बर्लिनहून आलेल्या एका वार्तेने वैद्यकविश्व ढवळून निघाले. कॉख यांचे दोन सहकारी, एमिल बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो, यांनी धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्यांचे रक्त दुसऱ्या प्राण्यांना टोचले, तेव्हा तेही विषापासून सुरक्षित राहिले. घटसर्पाच्या बाबतीतही तेच घडत होते. रक्तात काहीतरी होते. ते काय होते, किती होते आणि कसे वाढवायचे, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हते.

अडचण विषातच होती. जंतूंपासून मिळणारे विष म्हणजे त्या काळी एक गढूळ पाणी. आज तीव्र, तर महिन्याभराने मंद. एका बाटलीचा मेळ दुसरीशी बसत नसे. ज्याचे वजनच स्थिर नाही, अशा वस्तूवर नियम कसा बसवणार? एर्लिख यांनी येथे वेगळी वाट धरली. जंतूंचे विष त्यांनी तूर्त बाजूला ठेवले आणि वनस्पतींच्या विषाकडे ते वळले.

बाल्टिक प्रदेशातील डोरपाट विद्यापीठात (आजचे एस्टोनियातील तार्तू) हेर्मान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने १८८८ मध्ये एरंडाच्या बियांतून रिसिन वेगळे केले होते. रिसिन रक्तात मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हेही त्याने दाखवले होते. गुंजेतील अ‍ॅब्रिनवरही तेथे काम झाले. ही दोन्ही विषे प्रथिनस्वरूपाची. कोरडी भुकटी करून ठेवता येणारी, तोलता येणारी, टोचून तसेच खाऊ घालून देता येणारी. एर्लिख यांना हवे होते ते नेमके हेच.

त्यांनी पांढऱ्या उंदरांना रिसिन मिसळलेली बिस्किटे खाऊ घातली. प्रारंभी अगदी सूक्ष्म मात्रा, मग दिवसागणिक थोडी वाढ. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. नेहमीची मारक मात्रा टोचली की उंदीर मरत. सहाव्या दिवसाच्या सुमारास मात्र चित्र एकदम बदलले. तीच मात्रा टोचूनही उंदीर जिवंत राहू लागले. पुढे आठवड्यांमागून आठवडे मात्रा चढत गेली आणि एरवी प्राण घेणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट विष हे उंदीर पचवू लागले.

आपल्याकडील विषकन्यांच्या कथा ऐकून वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. थोडे थोडे विष देत गेले की शरीराला त्याची सवय होते, ही समजूत फार जुनी आहे. परंतु एर्लिख यांनी दाखवले ते सवयीहून सर्वस्वी निराळे होते. अफूला सरावलेल्या माणसाचे रक्त दुसऱ्याला टोचून त्याचे अफूपासून रक्षण होत नाही. रिसिनला सरावलेल्या उंदराचे रक्त मात्र दुसऱ्या उंदराला वाचवत होते. शरीर विषाला नुसते सरावले नव्हते. त्याने विषाविरुद्ध एक वस्तू घडवली होती, आणि ती रक्तातून काढून दुसऱ्याला देता येत होती.

मग पाळी आली गुंजेची. अ‍ॅब्रिनबाबतही तोच अनुभव आला. एर्लिख यांनी आता दोन्ही विषांची अदलाबदल केली. रिसिनपासून सुरक्षित असलेल्या उंदराला अ‍ॅब्रिन टोचले, तर तो मेला. अ‍ॅब्रिनला दाद न देणारा उंदीर रिसिनने गेला. दोन्ही विषे गुणांनी जणू सख्खी भावंडे, पण एकीचा उतारा दुसरीवर चालत नव्हता. प्रत्येक विषाला त्याचा स्वतंत्र, नेमका त्यालाच ओळखणारा उतारा लागतो, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट एरंड आणि गुंज यांच्या या तुलनेतून इतक्या स्पष्टपणे पुढे आली. १८९१ मधील या लेखांतूनच एर्लिख यांनी अशा वस्तूसाठी जर्मन भाषेत एक शब्द वापरला. त्याचेच इंग्रजी रूप अँटिबॉडी आणि मराठी रूप प्रतिपिंड. कोविडच्या साथीत घराघरांत पोहोचलेल्या या शब्दाच्या जन्मकथेत एरंडाचा असा वाटा आहे.

पुढल्याच वर्षी, १८९२ मध्ये, याच विषांच्या साहाय्याने त्यांनी आणखी एक कोडे सोडवले. आईबापांना लाभलेली प्रतिकारशक्ती पिलांत उतरते का? बाप विषाला सरावलेला असेल, तर पिलांना काहीच लाभ होत नव्हता. आई सरावलेली असेल, तर पिले काही काळ सुरक्षित राहत. हे आनुवंशिक म्हणावे, तर तेही खरे नव्हते. एर्लिख यांनी साध्या उंदरीची पिले विषाला सरावलेल्या उंदरीच्या अंगावर पाजली. ती पिले सुरक्षित झाली. आईच्या दुधातून प्रतिपिंडे बाळाला मिळतात, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती अशी. स्तनपानाचे महत्त्व सांगणारी प्रत्येक परिचारिका नकळत या उंदरांचाच दाखला देत असते.

घटसर्पाची घरघर

या प्रयोगांना केवळ पुस्तकी मोल नव्हते. त्या काळी युरोपात घटसर्प हा बालकांचा काळ होता. घशात राखाडी पापुद्रा धरायचा, श्वास कोंडायचा आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल गुदमरून जायचे. डॉक्टर फार तर गळ्याला छेद देऊन नळी बसवत. बेरिंग यांच्याकडे उतारा होता, पण तो फार कमजोर होता. प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे वाढत नव्हते आणि एका खेपेचा गुण दुसऱ्या खेपेला येत नव्हता.

कॉख यांनी १८९१ मध्ये एर्लिख यांना आपल्या नव्या संस्थेत जागा दिली होती. बिस्किटे खाणाऱ्या उंदरांकडून शिकलेला धडा एर्लिख यांनी आता मोठ्या प्राण्यांवर गिरवला. मात्रा पायरीपायरीने, हिशेबाने चढवत नेली आणि रक्तद्रवाची ताकद कित्येक पट वाढली. १८९४ मध्ये त्यांनी कॉसेल आणि वासरमान या सहकाऱ्यांसह बर्लिनच्या रुग्णालयांतील घटसर्पाच्या २२० बालकांवरील उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्यांना आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उतारा मिळाला, ती जवळजवळ सारी बालके वाचली. जसजसा उशीर होत गेला, तसतसे यश घटत गेले. उताऱ्याची शर्यत काळाशी असते, हे तेव्हाच कळून चुकले.

त्याच वर्षी हेक्स्ट येथील रंगांच्या कारखान्याने घोड्यांच्या रक्तापासून हा उतारा मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. मागणी अफाट होती आणि भेसळीची, दुबळ्या मालाची भीतीही तेवढीच. बाटलीतील औषधात किती दम आहे, हे कोण सांगणार? १८९६ मध्ये सरकारने स्टेग्लिट्स येथे एका साध्यासुध्या वास्तूत रक्तद्रवांच्या तपासणीची संस्था काढून ती एर्लिख यांच्या हाती सोपवली. फ्रीड्रिख आल्टहॉफ हा दूरदृष्टीचा सरकारी अधिकारी त्यांच्या पाठीशी होता.

येथे एर्लिख यांच्यातील सोनार जागा झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. विष कालांतराने विटते, म्हणून विषाला माप मानून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी उलट केले. ठरावीक ताकदीचा उतारा वाळवून, निर्वात नळ्यांत भरून, तो कायमचा प्रमाण म्हणून जपून ठेवला. विष त्या उताऱ्याशी ताडून पाहायचे आणि मग त्या विषाने बाजारातील प्रत्येक रक्तद्रव तपासायचा. २५० ग्रॅम वजनाचा गिनीपिग, चार दिवसांची मुदत आणि मृत्यू वा जीवन, असा तो रोकडा हिशेब होता. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. औषधाच्या कुपीवर युनिटांचा आकडा छापण्याची जी प्रथा आज सर्वत्र रूढ आहे, तिचे मूळ या नळ्यांत सापडते.

यशाबरोबर कटुताही आली. रक्तद्रवाच्या नफ्यातील आपला वाटा एर्लिख यांना सोडावा लागला. बेरिंग मात्र धनवान झाले, आणि १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेलही त्यांना एकट्यांना मिळाले. आपल्या कामाचे श्रेय आणि मोल दोन्ही डावलले गेल्याची सल एर्लिख यांच्या मनात राहिली. दोघांतील मैत्री पुन्हा पूर्वीसारखी जुळली नाही.

कुलूप आणि किल्ली

त्याच १८९७ मध्ये एर्लिख पुन्हा एरंडाकडे वळले. उतारा विषाला थेट जखडतो, की शरीराला काही चेतना देऊन त्याच्याकरवी विष मारवतो, हा वाद तेव्हा रंगला होता. श्टिलमार्क यांनी नोंदवलेला गुण येथे कामी आला. रिसिन रक्तपेशींच्या गुठळ्या करते. एर्लिख यांनी काचेच्या नळीत रक्तपेशी घेतल्या, त्यात रिसिन घातले आणि सोबत रिसिनचा उतारा. गुठळ्या झाल्या नाहीत. नळीत ना हृदय होते, ना मज्जातंतू. अर्थात विष आणि उतारा यांची गाठ थेट, रसायनांच्या नियमांनी पडत होती. प्रमाण चुकले तर परिणामही तेवढाच चुकत होता.

त्यावरून त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत रचला. पेशीच्या अंगावर अनेक बाजूशाखा असतात आणि त्यांचे खरे काम पोषण टिपण्याचे. विषाचा एक भाग योगायोगाने अशा शाखेत किल्लीसारखा बसतो. पेशी त्या अडकलेल्या शाखेऐवजी नव्या शाखा उगवते, गरजेहून अधिक उगवते आणि जास्तीच्या शाखा रक्तात सोडून देते. या सुट्या शाखा म्हणजेच प्रतिपिंडे. विषाच्या कणाचे दोन भाग असतात, असेही त्यांनी मांडले. एक भाग पेशीला धरून ठेवणारा आणि दुसरा प्रत्यक्ष घात करणारा. १९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हा सिद्धांत चित्रांसह मांडला. त्या चित्रांची काहींनी थट्टा केली. सिद्धांताचे सारे तपशील पुढे टिकले नाहीत. परंतु त्याचा गाभा कालांतराने खरा ठरला.

१८९९ मध्ये त्यांची संस्था फ्रँकफर्टला हलली. तेथील एर्लिख हे शहराच्या दंतकथेचा भाग बनले. दिवसाला पंचवीसेक सिगार, काखेत सिगारचा डबा, टेबल-खुर्च्यांवर पुस्तकांचे ढीग, आणि कागद हाती नसेल तर शर्टाच्या कफवर रंगीत पेन्सिलीने खरडलेली सूत्रे. संध्याकाळी शेरलॉक होम्सच्या कथा वाचाव्यात, हा त्यांचा विरंगुळा. संशोधनाला चिकाटी, कौशल्य, दैव आणि पैसा या चारही गोष्टी लागतात, असे ते सहकाऱ्यांना सांगत. १९०८ मध्ये रोगप्रतिकारावरील कामासाठी त्यांना रशियाचे मेचनिकोव्ह यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंड म्हणजे अचूक नेम धरणारी जादूची गोळी, ती शत्रूखेरीज कोणाला लागत नाही, अशी त्यांची कल्पना होती. ज्या रोगांवर शरीर अशी गोळी घडवू शकत नाही, त्यांच्यासाठी ती प्रयोगशाळेत घडवायची, हा त्यांचा पुढचा ध्यास. बँकर कुटुंबातील फ्रान्सिस्का श्पायर यांच्या देणगीतून १९०६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. आर्सेनिकच्या शेकडो संयुगांतून जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना १९०९ मध्ये ६०६ क्रमांकाचे संयुग सिफिलिसवर गुणकारी आढळले. १९१० मध्ये साल्वरसान या नावाने ते बाजारात आले. त्याआधी सुमारे ६५,००० मात्रा एर्लिख यांनी डॉक्टरांना विनामूल्य दिल्या होत्या, कारण मोजल्यावाचून विकायचे नाही हा त्यांचा नेमच होता. तरीही काही रुग्णांना अपाय झाला आणि टीकेचे मोहोळ उठले. नफेखोरीचे आरोप झाले, प्रकरण १९१४ मध्ये न्यायालयात गेले. आरोप करणाऱ्या पत्रकाराला शिक्षा झाली, पण एर्लिख मनाने आणि शरीराने खचले.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती. त्यांच्या चरित्रातील हे पान वगळता येणार नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. फ्रँकफर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुढे हिटलरच्या राजवटीत ज्यू असल्याच्या कारणावरून त्यांचे नाव रस्त्याच्या पाटीवरून उतरवण्यात आले आणि पत्नी हेडविग यांना उतारवयात मायदेश सोडावा लागला. ज्या देशातील घराघरांतली मुले त्यांच्या रक्तद्रवाने वाचली होती, त्याच देशाने हे केले. युद्धानंतर पाटी परत लागली, संस्थेला त्यांचे नाव मिळाले आणि युरो येण्यापूर्वीच्या दोनशे मार्कांच्या नोटेवर त्यांची छबी झळकली.

ऋण अजून बाकी

घटसर्प आणि धनुर्वात यांवर उतारे झाले. त्याच तत्त्वावर सर्पदंशावरील उतारा आला आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून तो बनवून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचवला. एरंडाच्या विषाचे काय झाले?

१९७० च्या दशकात नॉर्वेतील ओल्सनेस आणि पिल यांनी रिसिनचा कण उकलून दाखवला. तो दोन साखळ्यांचा निघाला. एक साखळी पेशीच्या अंगावरील साखरेला पकडते आणि दुसरी आत शिरून घात करते. एर्लिख यांनी तर्काने रेखाटलेले चित्र जणू प्रत्यक्षात उतरले. ही घातक साखळी पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडते, हे १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी स्पष्ट केले. विष एकदा पेशीच्या आत गेले की बाहेर रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडाचा हात तेथवर पोहोचत नाही. खरी अडचण आहे ती हीच.

सप्टेंबर १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी कोणीतरी घुसवली. चार दिवसांनी ते मरण पावले. त्या गोळीत रिसिनच असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. एर्लिख यांच्या उंदरांना सत्त्याऐंशी वर्षे उलटली होती, तरीही डॉक्टरांच्या हाती उतारा नव्हता.

त्यानंतर कामाला वेग आला. एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांना १९७५ मध्ये साधली होतीच. तिच्या आधाराने रिसिनला नेमके पकडणारी प्रतिपिंडे घडवण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात रिसिन श्वासावाटे दिलेली माकडे चार तासांनी प्रतिपिंड मिळाल्यावर वाचली. अधिक विलंब झाला, तेव्हा यश ओसरले. युरोपात घोड्यांच्या रक्तद्रवापासून रिसिनचा उतारा बनवण्याचे प्रयत्नही झाले. पद्धत एकशे तीस वर्षांपूर्वीची आणि अट १८९४ च्या बर्लिनमधील बालकांची. उतारा अचूक हवा, तो पुरेसा हवा, आणि वेळेत हवा.

दुसऱ्या बाजूला, रिसिनची घातक साखळी प्रतिपिंडाला जोडून कर्करोगाच्या पेशींवर सोडण्याचेही प्रयोग झाले. विषालाच जादूची गोळी बनवण्याचा हा खटाटोप पाहून एर्लिख यांना समाधान वाटले असते.

बांधावर एरंड आजही उगवतो आणि कुंपणावर गुंजेचा वेल आजही लाल होतो. मुलांनी त्या बिया तोंडात घालू नयेत, हे सांगण्यापलीकडे आपण त्यांचा फारसा विचार करत नाही. पण घरात तान्ह्या बाळाला घटसर्प-धनुर्वाताची लस टोचली जाते, आई त्याला अंगावर पाजते, किंवा शेतात साप चावलेला कुणी दवाखान्यातून पायी घरी परततो, तेव्हा या दोन बियांचे आणि त्यांचे विष कणाकणाने मोजणाऱ्या त्या डॉक्टरचे ऋण आपल्यावर असते.